एक ‘इंग’, अर्थ अनेक : शॉपफ्लोअरवरचं इंग्रजी

आजचा भाग खास भोसरी, तळवडे, चाकणला कामाला असणाऱ्यांसाठी. फर्स्ट शिफ्टला जाताना बसमध्ये ऐकत असाल तर उत्तमच, कारण आजची उदाहरणं कंपनीत गेल्या गेल्या समोर दिसतील.

विषय आहे जेरंड आणि पार्टिसिपल. नावं अवघड, गोष्ट सोपी. इंग्रजीत क्रियापदाला ‘इंग’ लागलं की रूप एकच दिसतं, पण काम वेगवेगळं असतं. मराठीत मात्र प्रत्येक कामाला वेगळा प्रत्यय आहे. म्हणून ‘इंग’ दिसलं की मनात मराठी करून बघायचं.

‘णं’ आलं तर जेरंड, म्हणजे धातुसाधित नाम. ‘वेल्डिंग इज स्किल्ड वर्क’: वेल्डिंग करणं हे कौशल्याचं काम आहे.

‘णारा’ किंवा ‘ताना’ आलं तर प्रेझेंट पार्टिसिपल. ‘मूव्हिंग पार्ट्स’, म्हणजे फिरणारे भाग. आणि ‘लेला’ आलं तर पास्ट पार्टिसिपल. ‘रिजेक्टेड पार्ट्स’, म्हणजे लाल बिनमधले नाकारलेले पार्ट.

आता ‘रोटेटिंग शाफ्ट’ आणि ‘कटिंग ऑइल’ शेजारी ठेवा. शाफ्ट स्वतः फिरतो, म्हणून पार्टिसिपल. ऑइल काही कापत नाही. ते कापण्याच्या कामासाठीचं ऑइल आहे, म्हणून जेरंड.

हे फक्त परीक्षेपुरतं आहे का? शिफ्ट बदलतानाचं रजिस्टर घ्या. ‘ऑपरेटर स्टॉप्ड टू चेक द कूलंट’ म्हणजे कूलंट तपासायला थांबला. ‘ऑपरेटर स्टॉप्ड चेकिंग द कूलंट’ म्हणजे तपासणंच बंद केलं! पुढच्या शिफ्टला नेमका उलटा निरोप गेला.

आणि सगळ्यात जपायची जागा म्हणजे अपघाताचा रिपोर्ट. आपण मराठीत सहज म्हणतो, ‘मशीन साफ करताना गार्ड निघालं.’ साफ करणारा माणूस न सांगताही कळतो. तेच इंग्रजीत उतरवलं, ‘व्हाइल क्लीनिंग द मशीन, द गार्ड केम ऑफ’, तर इंग्रजीच्या नियमानं मशीन साफ करत होतं ते गार्डच! कारण सुरुवातीचं पार्टिसिपल पुढच्या कर्त्याला चिकटतं. इथं माणूस वाक्यात आणायलाच हवा: ‘व्हाइल द ऑपरेटर वॉज क्लीनिंग द मशीन, द गार्ड केम ऑफ.’

1948 च्या फॅक्टरीज ॲक्टमध्ये चालू यंत्राजवळच्या कामाचा विचार कलम 22 मध्ये स्वतंत्रपणे केला होता. अशा कामात काही घडलं, तर मशीनवर हात कोणाचा होता हा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर रिपोर्टच्या वाक्यातच असू द्या.

आजचा गृहपाठ: तुमच्या लाइनवरच्या तीन पाट्या वाचा. प्रत्येक ‘इंग’ला ‘णं’, ‘णारा’ की ‘ताना’, ते ठरवा. भेटू पुढच्या भागात!