माळ पडीक नव्हे

धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यात मुरुम नावाचे गाव आहे. आणि खडकाची झीज होऊन जी भरड, तांबूस, पाणी न धरणारी जमीन तयार होते तिलाही आपण मुरुमच म्हणतो. अशा जमिनीवर पीक येत नाही, गवत तेवढे उगवते. म्हणून सरकारी दप्तरात तिची नोंद पूर्वापार ‘पडीक’ अशी होत आली. या एका शब्दाने आपल्या माळरानांचे जेवढे नुकसान केले, तेवढे शिकाऱ्यांच्या बंदुकांनीही केले नसेल.

वस्तुतः हा माळ कधीच ओस नसतो. चंडोल, धाविक, पखुर्डी, टिटवी हे पक्षी झाडांचा आश्रय न घेता उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. त्या अंड्यांचा रंग मातीशी असा मिळून जातो की, जवळून जाणाऱ्यासही ती दिसू नयेत. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे भोवत्या पक्षी याच गवतावर घिरट्या घालून टोळ आणि उंदीर टिपतात. म्हणजे शेजारच्या शेतकऱ्याचेच काम ते करीत असतात. परंतु पडीक ठरलेल्या जमिनीवरून मुरुम उपसण्यास कोणाचा हात अडखळत नाही. सद्हेतूने केलेले वृक्षारोपणही येथे घातकच ठरते; कारण गवताळ माळ म्हणजे उजाड झालेले अरण्य नव्हे.

याचा धडा सोलापूरजवळच्या नान्नजने आपणांस दिलेला आहे. तेथील माळढोकाकडे १९७०च्या दशकात बी. एस. कुलकर्णी यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले. मोराला १९६३ साली राष्ट्रीय पक्ष्याचा मान मिळाला, तेव्हा डॉ. सालिम अली यांनी त्या मानासाठी सुचविलेला पक्षी हा माळढोकच. १९७९ साली अभयारण्य घोषित झाले, तेही तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरांचे! गावे, शेते, रस्ते सारेच त्या रेषेआड आले. शेतकऱ्यास पक्ष्याचा लोभ वाटण्याऐवजी धाक वाटू लागला. अखेर २०१२ साली हे क्षेत्र सुमारे सव्वाबाराशे चौरस किलोमीटरांवर आणावे लागले. आणि माळढोक तर महाराष्ट्रातून जवळजवळ दिसेनासाच झाला. जैसलमेर येथे २०१९ पासून त्याची अंडी उबवून पिल्ले वाढविली जात आहेत, हे स्तुत्यच होय. पण वाढलेली पिल्ले सोडावयाची कोठे? त्यांच्यासाठी माळ राखला आहे कोणी?

नकाशावर रेषा ओढली म्हणजे संरक्षण झाले, हा भ्रम आता तरी सोडावयास हवा. लोकांच्या संमतीवाचून केलेले मोठे अभयारण्य कागदावरच राहते. संमतीने राखलेला लहानसा माळ मात्र टिकतो. कायद्याने ही वाट केव्हाच मोकळी केली आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीने सरकारी जमिनीवर, स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून, ‘संवर्धन राखीव क्षेत्र’ आणि खाजगी वा सामुदायिक जमिनीवर, मालकांच्या स्वेच्छेने, ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ घोषित करण्याची सोय केली आहे. त्याच वर्षीच्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेस आपल्या परिसरातील जीवसृष्टीची नोंदवही ठेवण्याचे कामही सोपविले आहे.

धाराशिव जिल्ह्यात येडशी-रामलिंग घाटाच्या वनाला १९९७ साली अभयारण्याचा मान मिळाला. झाडी होती म्हणून ते वन डोळ्यांत भरले. माळाच्या वाट्याला तशी दृष्टी आली नाही. आमची सूचना साधी आहे. मुरुमसारख्या गावांच्या नगर परिषदांनी व पंचायतींनी आपल्या हद्दीतील गवताळ माळांची मोजदाद करावी. विणीच्या हंगामात तेथील चराई आवरावी, गवत कापणीचा हक्क गावाकडेच ठेवावा आणि मुरुम उपशास निराळी जागा नेमून द्यावी. यासाठी फार मोठा खर्च नको; दप्तरातला एक शब्द बदलण्याची तयारी हवी. माळढोक परत येवो अथवा न येवो, टिटवीचे अंडे चाकाखाली चिरडू नये एवढी जागा तरी आपल्या माळावर राहिलीच पाहिजे.