समुद्रातील धक्का

मुंबईच्या पूर्वेस, समुद्राच्या पलीकडल्या तीरावर, रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात न्हावा-शेवा बंदर आहे. जवाहरलाल नेहरूंचे नाव दिलेले हे बंदर १९८९ साली सुरू झाले. येथील बहुतेक माल पोलादी पेट्यांतून येतो व जातो. या पेट्यांना कंटेनर म्हणतात. लहान कंटेनर २० फूट लांब असतो, तर मोठा ४० फूट. एकेका मोठ्या जहाजावर असे हजारो कंटेनर रचलेले असतात.

व्यापार वाढला, जहाजेही मोठी झाली. तेव्हा धक्का वाढविणे भाग पडले. बंदराच्या चौथ्या टर्मिनलचा एक किलोमीटर लांबीचा धक्का २०१८ साली सुरू झाला. पुढे त्याला तितकीच जोड देण्यात आली. या वाढीव भागाचे उद्घाटन २०२५ साली झाले.

धक्का वाढविणे हे रस्ता वाढविण्याइतके सोपे नसते. किनाऱ्यालगत समुद्राच्या तळाशी मऊ गाळ असतो. धक्क्यावर तर अवजड याऱ्या उभ्या राहतात, मालमोटारी धावतात, आणि जहाज टेकते तेव्हा त्याचा रेटाही बसतो. हा सारा भार गाळाला पेलत नाही. म्हणून खांब गाळाच्या खाली, थेट खडकात रोवावे लागतात.

प्रथम पोलादाची रुंद नळी गाळात ठोकतात. तिच्यातील गाळ काढून खाली खडकाला भोक पाडतात. मग सळयांचा सांगाडा आत सोडून काँक्रीट भरतात. ते वरून ओतले, तर पाण्यात सिमेंट धुऊन जाईल. यासाठी एक अरुंद नळी तळापर्यंत नेतात. तिच्यातून उतरलेले काँक्रीट तळापासून वर चढत येते आणि पाण्याला वर ढकलते. नळीचे तोंड मात्र सतत ओल्या काँक्रीटमध्ये बुडलेले ठेवावे लागते. अशा खांबांच्या रांगांवर तुळया व फरशी बसवितात. खांबांमधून भरती-ओहोटीचे पाणी मोकळेपणाने ये-जा करते.

धक्क्यामागे कंटेनर ठेवण्यासाठी भराव घालून जमीन करावी लागते. खालच्या गाळातील पाणी निघून जावे म्हणून त्यात उभ्या निचरापट्ट्या खोचतात आणि वर मातीचे ओझे रचतात. ओला बोळा पिळावा तसे पाणी हळूहळू बाहेर पडते व जमीन घट्ट होते. या कामाला कित्येक महिने लागतात. येथे घाई केली, तर पुढे जमीन कोठे कमी, कोठे अधिक खचते.

मोठ्या जहाजांसाठी तळाचा गाळही उपसावा लागतो. पण याच खाड्यांत कोळी लोक पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकीत आले आहेत. बंदरासाठी शेवा कोळीवाड्यातील कुटुंबांना आपले गाव सोडावे लागले. बंदराच्या कामांमुळे मासेमारी बुडाली, अशी तक्रार घेऊन उरणचे कोळी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे गेले. १,६३० कुटुंबांना भरपाई द्यावी, असा निर्णय न्यायाधिकरणाने २०१५ साली दिला.

धक्का बांधताना खडक किती खोल आहे, हे मोजावे लागते. त्याचप्रमाणे त्या पाण्यावर कोणाकोणाची चूल पेटते, हेही आधीच मोजले पाहिजे.