खडीच्या रस्त्यावरचीं चाकें

मोटारीच्या मागच्या आसनावर चार-पांच वर्षांचें मूल बसलें आहे. पुढें वडील मंडळींचें कांहीं बोलणें चाललें आहे. मुलास त्यांतलें कांहीं कळत नाहीं, अशी त्यांची समजूत. घर मागें पडलें तें कां, हें मुलास कोणीं सांगितलेलें नाहीं. ल्युसिंडा विल्यम्स या अमेरिकन कवयित्री-गायिकेच्या एका गाण्याचा विषय एवढाच आहे. त्याच गाण्याचें नांव बाईंनीं १९९८ सालीं निघालेल्या आपल्या गीतसंग्रहास दिलें: 'कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड', म्हणजे खडीच्या रस्त्यावरचीं चाकें. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस हा संगीतप्रकार अपरिचित असेल. परंतु या तेरा गाण्यांत घरादाराविषयीं जें सांगितलें आहे, तें आम्हांस परकें वाटलें नाहीं. म्हणून हा लेखनप्रपंच.

अमेरिकेच्या दक्षिण संस्थानांतील खेडवळ संगीतास 'कंट्री' म्हणतात. नॅशव्हिल शहरीं त्याचा मोठा व्यापार चालतो, आणि व्यापारांत जें व्हावयाचें तें झालें: गाणीं गुळगुळीत झालीं. त्याला कंटाळून १९९० नंतरच्या दशकांत जे गायक पुनः जुन्या, ओबडधोबड वळणाकडे गेले, त्यांच्या गाण्यास 'ऑल्टरनेटिव्ह कंट्री' असें नांव पडलें. दक्षिणेंतील वाङ्मयाची 'सदर्न गॉथिक' ही परंपरा मात्र याहून पुष्कळ जुनी. १८६५ सालीं यादवी युद्धांत झालेला पराभव, गुलामगिरीचें पाप, मोडकळीस आलेले वाडे, धर्मवेड आणि वेड, हें तिचें भांडवल. फॉकनर व फ्लॅनरी ओकॉनर हे तिचे मोठे लेखक. तेथें भुतें असलीं तरी तीं स्मशानांतलीं नसतात. ज्या गोष्टीबद्दल कुटुंबांत कोणी बोलत नाहीं, तीच तेथें भूत होऊन वावरते.

ल्युसिंडाबाईंचा जन्म १९५३ सालीं लुईझियाना संस्थानांतील लेक चार्ल्स येथें झाला. वडील मिलर विल्यम्स हे कवि व प्राध्यापक. नोकरीपायीं त्यांनीं मेकन, बॅटन रूज, न्यू ऑर्लिन्स अशीं बिऱ्हाडें केलीं आणि शेवटीं ते आर्कान्सा विद्यापीठांत स्थिरावले. आई पियानो वाजवीत असे. पण मानसिक विकारानें तिला ग्रासलें होतें. पुढें आईबाप विभक्त झाले व मुलें बापाकडे राहिलीं. वडिलांबरोबर लहानपणीं फ्लॅनरी ओकॉनर यांच्या मिलेजव्हिल येथील घरीं गेल्याची आठवण बाई सांगतात. ओकॉनरना मोरांचा नाद होता, आणि ही चिमुरडी त्या मोरांच्या मागें धांवत सुटली! वडिलांच्या घरीं लेखकांची ये-जा असे, आणि शब्द तोलून वापरण्याचा धडा मुलीस तेथेंच मिळाला.

तो धडा या संग्रहांत पदोपदीं दिसतो. गाण्यांतून गांवांचीं नांवें येतात: मेकन, जॅक्सन, रोझडेल, लाफायेट, ग्रीनव्हिल. 'लेक चार्ल्स' हें गाणें एका दिवंगत प्रियकराविषयीं आहे. तो जन्मला टेक्ससमध्यें, पण स्वतःस लेक चार्ल्सचा म्हणवून घेण्याची त्याला हौस. मृताची एवढीशी लटकी प्रौढी आठवणींत जपली आहे, आणि सगळा शोक तीवर तोलला आहे. 'ड्रंकन एंजल' हें ब्लेझ फोली या गायकाविषयीं. १९८९ सालीं ऑस्टिन येथें तो गोळीस बळी पडला. येथें बाई रडत नाहींत, रागावतात. इतकें गुणी माणूस असें कां वाया गेलें, हा जाब त्या मृतालाच विचारतात. शेवटच्या 'जॅक्सन' या गाण्यांत एक स्त्री गांवामागून गांव टाकीत चालली आहे, आणि प्रत्येक ठिकाणीं स्वतःस बजावीत आहे कीं, आतां त्याची आठवण होणार नाहीं. ज्याची आठवण होत नाहीं, त्याच्याविषयीं इतक्या वेळां कोण बोलतो?

आवाज गोड आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. तो घोगरा आहे, शब्द कोठें कोठें ओघळल्यासारखे येतात. दोन-तीन प्रेमगीतें तर इतरांच्या मानानें सामान्यच आहेत. पण 'ग्रीनव्हिल' गाण्यांत एमिलू हॅरिस यांचा नितळ स्वर मागें उभा राहतो तेव्हां, हा आवाज असाच हवा होता हें पटतें.

या संग्रहास लागलेला काल हाही एक चर्चेचा विषय झाला. याआधींचा संग्रह १९९२ चा. म्हणजे मध्यें सहा वर्षें लोटलीं. गाणीं प्रथम ऑस्टिनला मुद्रित झालीं. बाईंस तीं पसंत पडलीं नाहींत. पुनः नॅशव्हिलला स्टीव्ह अर्ल व रे केनेडी यांजकडे काम झालें, आणि उरलेला संस्कार लॉस एंजलिसला रॉय बिटन यांच्या हातून. या खटाटोपांत अनेक वर्षांचे जुने सहकारी गर्फ मॉर्लिक्स दुरावले. बाई हटवादी आहेत अशी ओरड झाली. हेंच एखाद्या पुरुषानें केलें असतें तर त्यास साक्षेपी म्हटलें असतें, असें आम्हांस वाटल्यावांचून राहत नाहीं. या संग्रहास पुढें १९९९ चें ग्रॅमी पारितोषिक मिळालें.

पण आम्हांस अधिक मोलाची वाटते ती नॅशव्हिलमधील 'ब्लूबर्ड कॅफे' येथली हकीकत. संग्रहाच्या नांवाचें गाणें बाईंनीं तेथें गाइलें, तेव्हां वडील श्रोत्यांत बसले होते. कार्यक्रम संपल्यावर ते मुलीजवळ आले व त्यांनीं तिची क्षमा मागितली. क्षमा कशाची, हें तिला उमगेना. गाण्यांतलें तें मागच्या आसनावरचें मूल म्हणजे तूंच, असें वडिलांनीं सांगितलें, तेव्हां कोठें तिच्या ध्यानांत आलें! गाणें तिनें रचिलें. त्यांतलें मूल ओळखलें बापानें. वडिलांनीं चुकीची कबुली देणें हें कोणत्याही देशांत सोपें नाहीं. आपल्याकडे तर मोठ्या घरांत पोरांस झोपलेलीं समजून माजघरांत काय काय बोललें जातें, हें ज्यांचें त्यांनीं आठवावें.

मिलर विल्यम्स यांनीं १९९७ सालीं अध्यक्ष क्लिंटन यांच्या दुसऱ्या शपथविधीस स्वतःची कविता वाचली होती. एवढा त्यांचा मान. अखेरच्या दिवसांत मात्र स्मृतिभ्रंशानें त्यांना गांठलें. २०१४ सालच्या सप्टेंबरांत ल्युसिंडाबाईंचा जो नवा संग्रह निघाला, त्याचें पहिलें गाणें वडिलांच्या 'कम्पॅशन' या कवितेवरून बांधलेलें आहे. साथीस कोणी नाहीं. एक गिटार आणि बाईंचा आवाज. त्यानंतर तीन महिन्यांनीं, १ जानेवारी २०१५ रोजीं, वडील वारले.