पहिली धार, मधली धार

स्कॉटलंडची पिंपात मुरलेली सिंगल माल्ट व्हिस्की आणि यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी, केळापूर, झरी जामणी या तालुक्यांत गोंड, कोलाम, परधान समाजांच्या विधींत देवापुढे ठेवली जाणारी मोहाची दारू यांचा एकत्र विचार सहसा होत नाही. तथापि आंबवणे आणि गाळणे या दोन मूळ क्रिया दोन्हींत समान असल्यामुळे एकीच्या आस्वादाचे शास्त्र दुसरीलाही लावून पाहता येते.

मोड आणून वाळवलेले सातू म्हणजे माल्ट. केवळ त्यापासून, एकाच भट्टीघरात, तांब्याच्या भांड्यात गाळलेली व्हिस्की ही सिंगल माल्ट होय. ती किमान ३ वर्षे ओक लाकडाच्या पिंपात ठेवण्याचे कायदेशीर बंधन स्कॉटलंडमध्ये असून, बाटलीवर १८ वर्षे असे लिहिलेले असल्यास त्या बाटलीत मिसळलेल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचे वय किमान तेवढे असते. अमेरिकी ओकमधून व्हॅनिलाचा, तर पूर्वी शेरी भरलेल्या पिंपातून मनुकांचा व सुक्या मेव्याचा गंध उतरतो. स्कॉटलंडमध्ये पिंपातून दरवर्षी सुमारे २ टक्के मद्य उडून जाते. २०१२ मध्ये बाजारात आलेल्या गोव्याच्या पॉल जॉन या सिंगल माल्टबाबत उष्ण हवेमुळे ही घट कितीतरी अधिक असते आणि मद्य लवकर मुरते, म्हणून केवळ वयाच्या आकड्यावरून प्रत ठरवता येत नाही.

आस्वादासाठी तोंडाशी निमुळता होत गेलेला पेला वापरतात, कारण त्यात गंध एकवटतो. पेला प्रथम नाकापासून थोडा दूर धरून गंध घ्यावा, लहान घोट जिभेवर फिरवावा आणि गिळल्यानंतर चव किती वेळ रेंगाळते याकडे लक्ष द्यावे. पाण्याचे काही थेंब घातल्यास दबलेले गंध मोकळे होतात.

मोहाच्या दारूला सहसा पिंप नसते, त्यामुळे तिचे सारे गुण फुलातच शोधावे लागतात. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली पडलेली फिकट पिवळसर, गरदार फुले टोपल्यांत वेचून वाळवली की ती मनुकांसारखी तपकिरी होतात आणि त्यांना गोड, उग्र वास येतो. चांगल्या मोहाच्या दारूत हाच वास ओळखू येतो. गाळण्याच्या बाबतीत मात्र आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ ही स्तुती मानली जाते, तर स्कॉटलंडमधील गाळणारा कारागीर झोंबणाऱ्या द्रव्यांनी भरलेली पहिली आणि जड, तेलकट अशी शेवटची धार बाजूला काढून मधलीच पिंपात भरतो. पहिल्या धारेचा जोर आणि मद्याची प्रत या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय दारू गाळणे गुन्हा आहे, आणि व्यसनाने उद्ध्वस्त झालेल्या घरांमुळे यवतमाळच्या स्त्रियांनी उभारलेली दारूबंदीची चळवळही दुर्लक्षिता येणार नाही. तरीही गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, यावरून स्थानिक मद्याला प्रतिष्ठा मिळू शकते हे सिद्ध झाले आहे. परवान्याच्या चौकटीत, मधली धार निवडून मोह गाळला गेला आणि त्याचे मोल फुले वेचणाऱ्या हातांपर्यंत पोहोचले, तर मोहालाही तो मान मिळायला हवा.