बॉनेटखालचे बिऱ्हाड

गेल्या श्रावणातील गोष्ट. आमच्या ज्येष्ठ बंधूंची कन्या पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. डॉक्टरांच्या हिशेबाने अजून दहाबारा दिवसांचा अवकाश होता. परंतु या बाबतीत मोठमोठ्यांचे हिशेब चुकतात. रात्री अडीचच्या सुमारास तिला वेणा सुरू झाल्या. वहिनींनी तयार ठेवलेली पिशवी उचलली, बंधूंनी घाईघाईने किल्ली फिरविली, आणि आमच्या मोटारीने उचकी लागल्यासारखा एक आवाज करून मौन धारण केले. समोरच्या फळीवरील तांबडेपिवळे दिवे तेवढे लुकलुकत राहिले. बाहेर पाऊस कोसळत होता. अशा वेळी पाच मिनिटे म्हणजे काय, हे ज्यांच्यावर प्रसंग गुदरला असेल त्यांसच कळेल. अखेर शेजारचे गृहस्थ अंगावरच्या कपड्यांनिशी धावत आले, त्यांनी आपली गाडी काढली, आणि मुलगी वेळेवर इस्पितळात पोचली. पहाटे तिला कन्यारत्न झाले. दोघीही सुखरूप आहेत, म्हणूनच ही हकीकत आज आम्ही स्वस्थपणे लिहू शकतो.

दुसरे दिवशी मेकॅनिकने बॉनेट उघडले व तो बाजूस सरला. बॅटरीच्या पलीकडच्या सांदीत एक सुरेख घरटे थाटलेले होते. बॉनेटच्या आतल्या बाजूस आवाज दबावा म्हणून जे जाड नमद्यासारखे अस्तर असते त्याचा कापूस पिंजून गादी केलेली. तिच्यावर सुकलेली पाने व वाण्याच्या कागदाचे बारीक कपटे. आणि एका कडेस खारकांच्या सातआठ बिया! शेजारून जाणारी तारांची जुडी सुरीने चिरावी तशी दोन ठिकाणी कातरलेली होती. खारकांचा उलगडा लगेच झाला. बाळंतिणीच्या लाडवांसाठी वहिनींनी रविवार पेठेतून डिंक, खोबरे व खारीक आणली होती. त्यांतील एक पुडके चार दिवस गाडीच्या डिकीतच विसरून राहिले होते. ज्या जिनसा त्या मुलीच्या अंगी शक्ती यावी म्हणून आणल्या, त्यांनीच तिची वाट अडवावी, हे वहिनींच्या मनास फार लागले आहे. घरातील कोणीही त्यांस बोल लावला नाही. पण त्या स्वतः तो लावल्यावाचून राहत नाहीत.

या प्रसंगानंतर आम्ही ज्याला त्याला विचारीत सुटलो, तेव्हा असे आढळून आले की, प्रत्येक दुसऱ्या घरी अशी एखादी कथा आहेच. २०२० च्या टाळेबंदीत महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांची तर या प्राण्यांनी अक्षरशः धर्मशाळा केली होती.

उंदीर तार खातो, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. तारेत त्याच्या पोटात जाण्यासारखे काही नसते. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात, वर्षाकाठी सुमारे चार इंच, आणि काहीतरी सतत कुरतडून ते झिजविल्याखेरीज त्यास गत्यंतर नाही. या दातांच्या पुढील कवचात लोहाचा अंश असतो. त्यामुळेच ते पिवळसर नारिंगी दिसतात, आणि लाकूड तर राहोच, शिसे व अ‍ॅल्युमिनियम यांसही दाद देत नाहीत. अलीकडे तारांच्या आवरणात सोयाबीनचा अंश घालतात म्हणून उंदीर लोभावतात, असेही सांगण्यात येते. यावरून अमेरिकेत मोटार कंपन्यांवर दावे झाले. परंतु सोयाबीनचे आवरण निघण्यापूर्वीही उंदीर तारा कातरीतच होते, हे आमच्या पिढीस ठाऊक आहे.

खरे कारण ऊब व आडोसा हे होय. चालून आलेले इंजिन कित्येक तास कोमट राहते. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरते, तेव्हा चारी बाजूंनी बंद, वरून छप्पर व खालून मोकळी अशी ही जागा त्यांस आयतीच मिळते. दोष मात्र कधीकधी भलत्याच्या माथी येतो. गाडीखाली चिचुंद्री दिसली की मंडळी तिच्यावर काठी उगारतात; वास्तविक ती कृंतकांच्या कुळातील नव्हेच. ती किडेमकोडे खाते, तारेशी तिला कर्तव्य नाही. उलट अंगणातली गोजिरवाणी खार निर्दोष समजली जाते, आणि तीच बॉनेटखाली काथ्या व चिंध्या नेऊन घरटे बांधते.

हे दुर्दैव केवळ आपल्याच देशाचे, असे मानून कोणी कष्टी होऊ नये. काही वर्षांपूर्वी आम्ही धाकट्या चिरंजीवांकडे कॅलिफोर्नियात गेलो असता त्यांनी आम्हांस सिकोया राष्ट्रीय उद्यानातील मिनरल किंग नामक दरीत नेले होते. सुमारे ७०० वळणांचा तो रस्ता पार करून आम्ही वर पोचलो, तो तेथील दृश्य पाहून थक्क झालो. ओळीने उभ्या असलेल्या मोटारी ताडपत्रीत आपादमस्तक गुंडाळलेल्या! चौकशी केली तेव्हा समजले की, तेथे मार्मोट नावाचा, मांजराएवढा, खारीच्याच गोतातला प्राणी राहतो. लडाखला गेलेल्या वाचकांनी त्याचे भाऊबंद पाहिले असतील. दीर्घ शीतनिद्रेतून उठल्यावर वसंतात व उन्हाळ्याच्या आरंभी तो मोटारींच्या रबरी नळ्या व तारा यांवर तुटून पडतो. म्हणून यात्रेकरू जमिनीवर ताडपत्री पसरतात, तिच्यावर गाडी आणून उभी करतात, आणि मग कडा वर घेऊन पुडके बांधावे तशी गाडी बांधून टाकतात. कित्येकदा हे महाशय इंजिनातच बसून दक्षिण कॅलिफोर्नियापर्यंत विनातिकीट प्रवास करून आले आहेत. त्या वेळी आम्ही मनमुराद हसलो होतो. गेल्या श्रावणात ते हसणे आठवले.

कॅनडातील बुगाबू पर्वताच्या पायथ्याशी हाच उपद्रव साळिंदराचा आहे. तेथे गिर्यारोहक गाडीभोवती कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी गुंडाळून, तळाशी दगड व ओंडके ठेवून मग डोंगर चढू लागतात. हौशी लोकांची जी फिरती घरे असतात, मोटारीमागे जोडावयाची, ती तर हिवाळाभर बंद राहतात. उंदीर त्यांत गाद्यांपासून पडद्यांपर्यंत सर्वांचा समाचार घेतात. आपल्या सरकारनेही २०२१ साली अशा फिरत्या घरांच्या पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे, तेव्हा हा अनुभव आपल्याकडील हौशी मंडळींसही येणारच. स्वित्झर्लंड व जर्मनी येथे हे काम मार्टिन नावाचा, मुंगसासारखा लांबट प्राणी करतो. जर्मनीत विमा कंपन्यांकडे त्याच्या उपद्रवाचे वर्षास दोन लाखांच्या आसपास दावे येतात. त्याची तऱ्हा न्यारी आहे. एका मार्टिनच्या हद्दीत उभी राहिलेली गाडी दुसऱ्याच्या हद्दीत गेली की, प्रतिस्पर्ध्याच्या वासाने चवताळून हा दुसरा सारे फाडून टाकतो. म्हणून तेथे तारा बदलल्यावर इंजिन धुऊन वास घालविणे आवश्यक मानतात. आपल्या उंदरांच्या बाबतीतही आम्हांस हे पटले. नव्या तारा बसविल्या आणि जुन्या मुताचा वास तसाच राहिला, तर पाहुणे परत येतात. सफाई मात्र कोरड्या झाडूने करू नये; उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि २००५ च्या महापुरानंतर मुंबईने त्याचा प्रताप पाहिला आहे. हातमोजे घालून, जंतुनाशकात भिजविलेल्या फडक्यानेच सर्व पुसावे.

आता उपायांविषयी. सर्वांत प्रथम सुचविला जातो तो विषाचा, आणि तो आम्हांस मुळीच पसंत नाही. रक्त न गोठू देणाऱ्या विषाने उंदीर तत्काळ मरत नाही. तो चारपाच दिवस हिंडतो, मग गाडीच्याच एखाद्या नळीत मरून पडतो, किंवा तसाच अर्धमेला गव्हाणी घुबडाच्या पोटात जाऊन त्या उपकारक पक्ष्याचाही घात करतो. पिवळ्या फॉस्फरसचा मलम तर घरात आणूच नये. त्याने यकृत जळून माणसे दगावली आहेत. ज्या घरात रांगते मूल आहे तेथे याहून अधिक लिहिण्याची गरज नाही. डांबरगोळ्यांचेही तेच. त्यांची वाफ हवेच्या झरोक्यातून गाडीत येते, आणि काही तान्ह्या मुलांच्या रक्तास ती अपायकारक ठरते. तंबाखूची पाने इंजिनात टांगण्याचा प्रघात बराच आहे. वास आठवड्यात उडतो, आणि तापलेल्या नळीजवळ वाळलेला पाला राहतो! कानास ऐकू न येणाऱ्या आवाजाची यंत्रेही बाजारात मिळतात. त्यांच्या जाहिरातींतील दाव्यांस पुरावा काय, असा इशारा अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २००१ साली साठांहून अधिक उत्पादकांस व विक्रेत्यांस दिला होता, एवढे सांगितले म्हणजे पुरे. आमच्या काकूंनी लवंगी मिरचीचा लेप तारांस लावून पाहिला. उंदीर आले नाहीत हे खरे. पण मेकॅनिकने तोच हात डोळ्यास लावला व त्याची समजूत घालता घालता पुरेवाट झाली. तिखटाचा अर्क भरलेली एक चिकटपट्टी होंडा कंपनी विकते, ती याच तत्त्वावर आहे. ती तारांवर गुंडाळून घेतलेली बरी.

आमच्याकडे उपयोग झाला तो साध्याच गोष्टींचा. गाडीत खाण्याची जिन्नस म्हणून ठेवावयाची नाही, मुलांच्या बिस्किटांचा चुरादेखील नाही. गाडी भिंतीस, वेलीस व कचऱ्याच्या डब्यास चिकटून उभी करावयाची नाही. काम असो वा नसो, दोन दिवसांआड ती हलवावयाची. बंद फाटकाच्या आत असल्याने रात्री बॉनेट उघडे ठेवून वर एक दिवा लावतो; उबेचा व अंधाराचा दोहोंचाही मोह नाहीसा होतो. उंदराचे पिल्लू पेन्सिलीएवढ्या छिद्रातून जाते, म्हणून काचेच्या खालच्या हवेच्या झरोक्यावर पाव इंचाहून लहान छिद्रांची पोलादी जाळी बसवून घेतली. रेडिएटरवर मात्र जाळ्या कोंबू नयेत, इंजिन तापते. पिंजऱ्याविषयी एक युक्ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. उंदीर नव्या वस्तूस भितो. यास्तव पहिले तीनचार दिवस पिंजरा नुसताच, चाप न लावता, आत खोबऱ्याचा तुकडा घालून ठेवावा. त्याची भीड चेपली की मग चाप लावावा. आणि विम्याचा कागद आजच काढून वाचावा. केवळ दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा असेल तर या कामी छदामही मिळत नाही. पूर्ण विमा असल्यास दुरुस्तीपूर्वीच कंपनीस कळवून छायाचित्रे काढून ठेवावी.

दर सायंकाळी वहिनी स्वतः बॅटरी घेऊन डिकी तपासतात. नात कडेवर असते. तीनचार महिन्यांत आमच्या गाडीस काही उपसर्ग झाला नाही. परवा मात्र शेजारचे गृहस्थ, ज्यांनी त्या रात्री आमची लाज राखली तेच, जरा संकोचत आले. त्यांची गाडी सुरू होताना कुरकुर करते, आणि बॉनेटखाली काही बिया सापडल्या, असे ते म्हणाले. बिया त्यांनी दाखवावयास आणल्या होत्या. खारकेच्याच होत्या. पिंजरा आम्ही त्याच सायंकाळी त्यांच्याकडे नेऊन दिला.