पहिला गुण मुर्सियात

1954 साली रामनाथन कृष्णन यांनी विम्बल्डनची मुलांची एकेरी जिंकली. ती जिंकणारे ते पहिले आशियाई. पंचवीस वर्षांनी, 1979 मध्ये, त्यांच्या मुलाने, रमेशने तीच स्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षी पॅरिसमधली मुलांची स्पर्धाही. 1990 मध्ये त्या यादीत लिअँडर पेसचं नाव लागलं. याच यादीत बोर्ग आहे, लेंडल आहे, एडबर्ग आणि फेडरर आहेत. पण ही नावं वगळून यादी वाचायला घेतली की आपण अडखळतो. एकामागून एक अशी नावं येतात की पट्टीचा टेनिसवेडाही कपाळाला आठ्या घालेल. सतरा-अठराव्या वर्षी जगातली सर्वोत्तम ठरलेली ही मुलं पुढे गेली कुठे?

उलटं कोडंही तितकंच मजेशीर आहे. नदालने ज्युनियर ग्रँड स्लॅम कधी जिंकलं नाही. जोकोविचनेही नाही. आणि सप्टेंबर 2022 मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, पुरुषांच्या जागतिक क्रमवारीत पहिला क्रमांक पटकावणाऱ्या कार्लोस अल्काराझच्या नावावरही असा एकही चषक नाही. 1973 मध्ये संगणकीय क्रमवारी सुरू झाल्यापासून त्याच्याइतक्या लहान वयात कोणी तिथे पोहोचलं नव्हतं. मग ज्युनियर टेनिसमधून तो नेमका वर आला कसा? माझ्या मते या प्रश्नाचं उत्तर त्याच्या फोरहँडमध्ये जितकं आहे, तितकंच स्पेनच्या नकाशात आहे.

आग्नेय स्पेनमध्ये मुर्सिया नावाचं शहर आहे. त्याला लागून असलेल्या एल पाल्मार या वस्तीत 5 मे 2003 रोजी अल्काराझचा जन्म झाला. तिथला क्लब मुळात शिकारीची हौस असलेल्या मंडळींचा. तिथे टेनिस कोर्ट व्हावीत म्हणून खटपट करणाऱ्यांत अल्काराझचे आजोबा होते. डोकं, काळीज आणि हिंमत या तीन गोष्टी हव्यात, हा त्यांचा मंत्र नातू आजही मुलाखतींमध्ये सांगतो. वडील त्या क्लबात वाढले. चांगले खेळाडू होते, पण व्यावसायिक टेनिसचा खर्च घराला झेपला नाही. रॅकेट त्यांनी सोडली नाही, फक्त कोर्टाची दुसरी बाजू धरली आणि त्याच क्लबच्या टेनिस शाळेचा कारभार पाहू लागले. मुलगा चालायला लागला तेव्हा मातीची कोर्टं घराजवळच होती आणि शिकवणारा घरातच.

पैशांचा प्रश्न मात्र दुसऱ्या पिढीलाही सुटला नव्हता. दहाव्या वर्षी क्रोएशियातल्या एका स्पर्धेला जायचं होतं आणि घरची ऐपत नव्हती. मुर्सिया भागातल्या पुडिंगसारखे गोड पदार्थ बनवणाऱ्या एका कंपनीच्या मालकाने तो खर्च उचलला. पोराच्या हातात जादू आहे हे क्लबात सगळ्यांनाच दिसत होतं. चेंडू हलकेच नेटपलीकडे टाकून समोरच्याला पुढे धावायला लावणारा त्याचा ड्रॉप शॉट तेव्हापासूनचा आहे. पण रागही तेव्हापासूनचाच. हरायला लागला की रडायचा, रॅकेट फेकायचा. पुढे क्रीडा मानसशास्त्रज्ञ इसाबेल बालागेर यांच्याबरोबर त्याने यावर काम केलं.

इथे जरा थांबून टेनिसची शिडी समजून घ्यायला हवी, कारण क्रिकेटच्या सवयीने आपण ती चुकीची वाचतो. एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात चमकलेल्या मुलाला रणजी संघ असतो, आयपीएलचा लिलाव असतो. कोणीतरी त्याला पगार देणारं असतं. टेनिसपटूला मालक नसतो. तो स्वतःच कंपनी. प्रशिक्षक, फिजिओ, विमानाची तिकिटं, हॉटेल, रॅकेटच्या तारा, सगळं त्याच्या खिशातून. आणि ज्युनियर स्पर्धांना, अगदी ज्युनियर विम्बल्डनलाही, बक्षिसाची रक्कम नसते. तिथे मिळवलेले गुण ज्युनियर क्रमवारीतच राहतात. मोठ्यांच्या क्रमवारीत मुलगा शून्यावरून सुरुवात करतो.

ती सुरुवात होते आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या सर्वांत खालच्या स्पर्धांमध्ये. पूर्वी त्यांना फ्यूचर्स म्हणत, जुने लोक अजूनही म्हणतात. एम-15 म्हणजे पुरुषांची स्पर्धा, एकूण बक्षीस 15,000 डॉलर. ऐकायला बरं वाटतं. पण ही रक्कम एकेरी-दुहेरीत आणि सगळ्या फेऱ्यांत वाटली जाते. एकेरीच्या पहिल्याच फेरीत हरणाऱ्याच्या हाती 156 डॉलर येतात. तेवढ्यात आठवड्याचं हॉटेलही भागत नाही. अख्खी स्पर्धा जिंकली तर क्रमवारीचे 15 गुण, ग्रँड स्लॅम जिंकणाऱ्याला 2000. त्यावरची पायरी चॅलेंजर, जिथे 50 ते 175 गुणांच्या स्पर्धा असतात. तिथून साधारण पहिल्या शंभरात शिरलात तर ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत थेट प्रवेश. 128 जणांपैकी 104 जण क्रमवारीच्या जोरावर येतात, 16 पात्रता फेरीतून आणि 8 जणांना आयोजक वाइल्ड कार्ड देतात. 2025 च्या यूएस ओपनमध्ये एकेरीच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही 1 लाख 10 हजार डॉलर मिळाले. एकशे छप्पन आणि एक लाख दहा हजार, या दोन आकड्यांच्या मध्ये बहुतेक ज्युनियर विजेते हरवतात. मोठे खेळाडू त्यांना कोर्टावर हरवतात हे खरंच, पण त्याआधी पुष्कळांना खर्चच हरवतो.

अल्काराझची कहाणी आता या शिडीवर ठेवून पाहा. फेब्रुवारी 2018 मध्ये, चौदा वर्षांचा असताना, त्याने व्यावसायिक क्रमवारीतला पहिला गुण मिळवला. कुठे? मुर्सियात. घरापासून काही किलोमीटरवर भरलेल्या फ्यूचर्स स्पर्धेत त्याने क्रमवारीत तिनशेच्या आत असलेल्या इटलीच्या फेदेरिको गायोला सरळ दोन सेटमध्ये घरी पाठवलं. त्याच वर्षी स्पेनच्या मुलांनी ज्युनियर डेव्हिस कप जिंकला, त्या संघातही तो होता. ज्युनियर स्पर्धा तो खेळला, पण क्रमवारीतला पहिला क्रमांक मिळवण्याच्या मागे त्याच्याकडची मंडळी लागली नाहीत. मोठ्यांकडून मार खात शिकू द्यावं, असा एकंदर कल दिसतो.

साधारण याच सुमारास हुआन कार्लोस फेरेरो त्याच्या आयुष्यात आला. फेरेरो म्हणजे 2003 चा फ्रेंच ओपन विजेता. अल्काराझ जन्मला आणि साधारण महिन्याभराने फेरेरोने पॅरिस जिंकलं. त्याच वर्षी तो जगात पहिलाही झाला. विलेना या गावी त्याची अकादमी. 2018 च्या सुरुवातीपर्यंत तो अलेक्झांडर झ्वेरेव्हबरोबर होता, म्हणजे जगातल्या पहिल्या पाचांतल्या खेळाडूबरोबर. ते बिनसलं आणि या माणसाने पुढचा शिष्य निवडला तो पंधरा वर्षांचा. प्रशिक्षणाच्या धंद्यात हा व्यवहार उलटाच म्हणायचा. पंधरा वर्षांच्या मुलाच्या बक्षिसांतला टक्का तो किती असणार! पण फेरेरोला वेळ हवा होता आणि मुलाकडे तो भरपूर होता. मुर्सियाहून विलेना तासाभराच्या रस्त्यावर. आठवडाभर अकादमीतल्या साध्या खोलीत राहायचं, सुट्टीला घरी.

एप्रिल 2019 मध्ये या अकादमीच्याच कोर्टांवर चॅलेंजर स्पर्धा झाली. अल्काराझला वाइल्ड कार्ड मिळालं आणि चॅलेंजर पातळीवरचा पहिला विजय त्याने तिथे नोंदवला. समोर होता इटलीचा सतरा वर्षांचा, लालसर केसांचा एक मुलगा, यानिक सिन्नर. तीन सेटचा हा सामना बघायला तेव्हा फारसं कोणी नसेल. सिन्नरची गोष्टही याच सुरातली आहे. ज्युनियर स्पर्धांत तो फारसा रमलाच नाही. त्याच फेब्रुवारीत बेर्गामोची चॅलेंजर स्पर्धा त्याने जिंकली होती, तीही वाइल्ड कार्डवर, आपल्याच देशात. इटली काय, स्पेन काय, फ्रान्स काय, तिथल्या मुलाला फ्यूचर्स आणि चॅलेंजर आगगाडीच्या तिकिटावर खेळता येतात. हरला तर रात्री घरी. व्हिसाची रांग नाही, आठ तासांचा वेळेतला फरक नाही.

फेब्रुवारी 2020. रिओ दि जानेरो. सोळा वर्षांचा अल्काराझ, क्रमवारीत 406 वा, पुन्हा वाइल्ड कार्डवर, एटीपी टूरच्या, म्हणजे चॅलेंजरच्या वरच्या पातळीच्या, मुख्य फेरीत पहिल्यांदाच उतरलेला. समोर त्याच्याच देशाचा अनुभवी आल्बर्ट रामोस, मातीवरचा चिवट गडी. सामना रात्री उशिरा सुरू झाला आणि साडेतीन तासांहून जास्त चालला. पहिला सेट टायब्रेकमध्ये अल्काराझचा, दुसरा रामोसचा, तिसरा पुन्हा टायब्रेकमध्ये. संपला तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते आणि अल्काराझ जिंकला होता. पुढच्याच फेरीत तो हरला, ते सोडा.

त्यानंतर महिन्याभरात कोविडने जगभरचं टेनिस बंद पाडलं. अनेक तरुण खेळाडूंचं ते वर्ष वाया गेलं. अल्काराझने खेळ पुन्हा सुरू झाल्यावर त्रिएस्ते, बार्सेलोना आणि अलिकान्ते अशा तीन चॅलेंजर स्पर्धा जिंकल्या. यातली अलिकान्तेची स्पर्धा म्हणजे पुन्हा विलेनाचीच कोर्टं. पॅरिसला पात्रता फेरीतच गाडी अडली, पण वर्षअखेर तो 141 व्या क्रमांकावर होता. जानेवारी 2021 मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनची पात्रता फेरी साथीमुळे दोहाला झाली. ती पार करून तो मेलबर्नला गेला आणि सतराव्या वर्षी ग्रँड स्लॅममधला पहिला सामना जिंकला.

अठराव्या वाढदिवशी, 5 मे 2021 ला, माद्रिदमध्ये त्याची गाठ नदालशी पडली. 6-1, 6-2. वाढदिवसाची भेट म्हणून नदालने जवळजवळ काहीच शिल्लक ठेवलं नाही. पण त्याच महिन्यात पोर्तुगालमधल्या ओएरासची चॅलेंजर जिंकून अल्काराझ पहिल्या शंभरात आला. मला या आठवड्यांचं फार अप्रूप वाटतं. माद्रिदच्या भरगच्च स्टेडियममध्ये नदालकडून धुलाई आणि लगेच ओएरासच्या तुरळक प्रेक्षकांपुढे घाम. मोठ्या स्पर्धेची चव लागलेला मुलगा लहान स्पर्धेत मन लावून खेळतोच असं नाही. जुलैत क्रोएशियातल्या उमागला टूरवरचं पहिलं विजेतेपद आलं. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला जगातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या त्सित्सिपासला पाचव्या सेटच्या टायब्रेकमध्ये हरवलं आणि पुढे तो उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला.

पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. 2022 मध्ये मायामी जिंकलं. माद्रिदला, एकोणिसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, नदालला तीन सेटमध्ये हरवलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी जोकोविचला, आणि अंतिम सामन्यात झ्वेरेव्हला, फेरेरोच्या जुन्या शिष्याला. मातीवरच्या एकाच स्पर्धेत नदाल आणि जोकोविच या दोघांनाही हरवणं त्याआधी कोणालाच जमलं नव्हतं. यूएस ओपनमध्ये चिलिच, सिन्नर आणि टियाफो यांच्याविरुद्ध लागोपाठ तीन पाच-सेटी सामने. सिन्नरबरोबरचा सव्वापाच तास चालून पहाटे तीनच्या जरा आधी संपला, आणि त्यात अल्काराझने एक मॅच पॉइंट वाचवला होता. विलेनाच्या त्या सामन्याला तेव्हा साडेतीन वर्षंही झाली नव्हती. अंतिम फेरीत कॅस्पर रूड. जिंकेल तो स्पर्धेचाही मालक आणि क्रमवारीतही पहिला, असा दुर्मीळ योग. चार सेटमध्ये अल्काराझ दोन्हीचा मालक झाला.

आता आपल्याकडे पाहू. युकी भांब्रीने 2009 मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनची मुलांची एकेरी जिंकली, ज्युनियर क्रमवारीत तो पहिला होता. मोठ्यांच्या एकेरीत त्याची सर्वोत्तम मजल 83, तीही 2018 मध्ये, मधली वर्षं दुखापतींनी खाल्ली. सुमित नागल 2015 मध्ये विम्बल्डनला मुलांच्या दुहेरीत विजेता. 2023 मध्ये, देशातला एकेरीतला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू असताना, आपल्या बँक खात्यात 900 युरोच्या आसपास उरलेत असं त्याने जाहीरपणे सांगितलं. काही महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्याने मानांकित बुब्लिकला हरवलं आणि 2024 च्या जुलैत तो 68 व्या क्रमांकावर पोहोचला. गुणवत्ता होती, हे एवढ्यावरून तरी मान्य करायला हरकत नसावी. शिडीच्या मधल्या पायऱ्या मात्र परदेशात होत्या.

पुण्यात बालेवाडीला 2018 ते 2023 या काळात एटीपीची महाराष्ट्र ओपन भरत होती. 2023 मध्ये तिथे पुण्याच्या मानस धामणेला, पंधराव्या वर्षी, मुख्य फेरीचं वाइल्ड कार्ड मिळालं. अमेरिकेच्या मायकेल मोकडून तो हरला, पण घरच्या प्रेक्षकांपुढे त्या पातळीचा चेंडू बॅकहँडवर कसा येतो हे त्याला कळलं. त्याचं प्रशिक्षण इटलीत, बोर्डिगेरा इथल्या पिअत्ती अकादमीत. कोइम्बतूरची माया राजेश्वरन फेब्रुवारी 2025 मध्ये मुंबईच्या महिलांच्या डब्ल्यूटीए 125 स्पर्धेत पंधराव्या वर्षी उपांत्य फेरीत पोहोचली, तीही घरच्या देशात भरलेल्या स्पर्धेत. महाराष्ट्र ओपन बंद झाली तेव्हा आपल्याकडे हळहळ झाली ती मोठी नावं आता दिसणार नाहीत म्हणून. मला वाईट वाटलं ते मानसला मिळालेल्या त्या एका वाइल्ड कार्डचं. त्यानंतर पुण्यात 100 गुणांची चॅलेंजर सुरू झाली आणि सोलापूरसारख्या ठिकाणी महिलांच्या खालच्या पातळीच्या स्पर्धा झाल्या, त्यांची बातमी पेपरात आतल्या पानावर दोन ओळींत येते. पण मुर्सियातल्या ज्या स्पर्धेत अल्काराझने पहिला गुण मिळवला, तिचीही बातमी मुर्सियाबाहेर याहून मोठी आली नसावी.

2025 संपताना अल्काराझकडे सहा ग्रँड स्लॅम होती, विम्बल्डन, फ्रेंच आणि यूएस ओपन प्रत्येकी दोनदा. त्या डिसेंबरात त्याने आणि फेरेरोने वेगळं होत असल्याचं जाहीर केलं. सात वर्षांची ही जोडी तुटण्याची कारणं दोघांनी फारशी उगाळली नाहीत. प्रशिक्षणाची जबाबदारी आली सॅम्युएल लोपेझकडे, जो आधीपासून त्याच्या चमूत होता आणि त्याआधी अनेक वर्षं विलेनाच्याच अकादमीत इतरांना घडवत होता.