देवीचा व्रण

विद्यार्थी मित्रहो, आज घरीं गेल्यावर आजीच्या किंवा आजोबांच्या हाताकडे निरखून पाहा. बहुधा तेथें एकदोन वाटोळे, खोलगट व्रण दिसतील. ‘लहानपणीं देवी काढल्या होत्या,’ असें तीं सांगतील. तुमच्या हातावर तसा व्रण नाहीं, माझ्याही नाहीं. असें कां, हें समजून घेण्यासारखें आहे.

देवी हा विषाणूपासून होणारा सांसर्गिक रोग होता. रोग्याच्या श्वासावाटे, तसेंच त्याच्या अंथरुण-पांघरुणांतून तो पसरे. शरीरांत विष शिरल्यावर साधारणतः दहा ते चौदा दिवस कांहींच जाणवत नसे. मग जोराचा ताप, डोकेदुखी व पाठदुखी सुरू होई, आणि दोनतीन दिवसांनीं तोंडावर व हातापायांवर पुरळ उठे. त्याचे फोड होत, फोडांत पू भरे व शेवटीं खपल्या धरत. उग्र प्रकारांत शंभरांपैकीं सुमारें तीस रोगी दगावत. जे वांचत त्यांच्या चेहऱ्यावर वण राहत. कित्येकांची दृष्टि जाई.

यावर उपचार काय? खरें म्हणजे रामबाण उपचार नव्हताच. लोक देवीचा कोप समजून शीतलादेवीला शरण जात, रोग्याला वेगळें ठेवीत, उशाशीं कडुनिंबाचा पाला ठेवीत. वेगळें व स्वच्छ ठेवणें हिताचेंच होतें, पण तेवढ्यानें रोग हटत नसे. डॉक्टरही पाणी पाजणें, डोळे जपणें यापलीकडे फारसें कांहीं करूं शकत नसत. टेकोव्हिरिमॅट या औषधास अमेरिकेंत मान्यता मिळाली ती 2018 सालीं. तेव्हां जगांत देवीचा एकही रोगी उरला नव्हता!

म्हणून सारी भिस्त प्रतिबंधावर होती. गाईच्या सडांवर येणाऱ्या सौम्य देवींची लस टोंचल्यास माणसास देवी येत नाहींत, हें इंग्लंडांतील डॉक्टर एडवर्ड जेन्नर यांनीं 1796 सालीं दाखविलें. ती लस बगदाद व बसऱ्याच्या मार्गानें आपल्या मुंबईस आली, आणि 14 जून 1802 रोजीं ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोंचण्यांत आली. हिंदुस्थानांतील ही पहिली यशस्वी लस. त्या काळीं लस थंड ठेवण्याचें साधन नव्हतें. एका मुलाच्या हातावरील फोडांतून घेऊन ती दुसऱ्याच्या हाताला टोंचावी लागे. ॲनाच्या हातावरून ती मुंबईंतील इतर मुलांना मिळाली, आणि पुढें पुणें, सुरत, मद्रास अशी पोंचली. मुलांचे हात हेंच त्या लसीचें भांडार होतें!

लोकांना भीति वाटे, व ती अगदींच निराधार नव्हती. हातावरून हातावर लस घेतांना दुसरे रोगही जाऊं शकत. पुढें वासरांपासून लस काढूं लागल्यावर तो धोका टळला. 1877 सालीं मुंबई शहरांत लस टोंचणें कायद्यानें सक्तीचें झालें.

परंतु कायद्यानें रोग निर्मूळ झाला नाहीं. देवीच्या विषाणूला माणसावांचून दुसरें घर नव्हतें. रोगी पुरळापूर्वीं सहसा संसर्ग देत नसे, आणि संसर्गानंतर तीनचार दिवसांत लस टोंचली तरी बहुधा बचाव होई. म्हणून विसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत आरोग्यसेवकांनीं घरोघर फिरून, रोग्याचें चित्र दाखवून रोगी शोधले व त्यांच्या सभोंवतालच्या सर्वांना लस टोंचली. भारतांतील शेवटचा रोगी मे 1975 मध्यें आसामांतील करीमगंज येथें आढळला; नैसर्गिक संसर्गाचा जगांतील शेवटचा रोगी ऑक्टोबर 1977 मध्यें सोमालियांत. 8 मे 1980 रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें पृथ्वी देवीमुक्त झाल्याचें जाहीर केलें. म्हणूनच तुमच्या हातावर तो व्रण नाहीं.

पालकहो, हा इतिहास संपलेला नाहीं. 2022 सालीं आपल्याच उपनगर जिल्ह्यांत, गोवंडी येथें गोवराची साथ येऊन लहान मुलें दगावलीं. गोवरावरही रामबाण औषध नाहीं; लस मात्र आहे. पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. विद्यार्थ्यांनो, आजोबांचा व्रण पाहून झाला कीं धाकट्या भावंडाचें लसीकरणाचें कार्डही काढून पाहा. एखादी मात्रा राहिली असेल, तर ती गोष्ट आजच आईवडिलांच्या कानांवर घाला.